क्लॅट लॉजिकल: असम्प्शनचा प्रश्न आला की ऑप्शन उलटा करा

नमस्कार मंडळी, आज क्लॅटचं, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेचं लॉजिकल, त्यातही फक्त असम्प्शनचे, म्हणजे लेखकाने न बोलता काय गृहीत धरलंय ते विचारणारे प्रश्न, कारण दोन ऑप्शन उडवल्यावर उरलेल्या दोघांत पोरं अडकतात ती बहुतेक इथेच. पेपर तुम्हाला माहितीये, १२० प्रश्न, १२० मिनिटं, त्यात लॉजिकल २२ ते २६, आणि २०२० पासून सगळं पॅसेजवर, त्यामुळे नुसती नातीगोती नि दिशांची गणितं घोकत बसला असाल तर ते राज्याच्या लॉ प्रवेश परीक्षेला, एमएच सीईटीला कामाला येईल, इथे तेवढ्यावर भागणार नाही.

आता हे बघा. समजा पॅसेजमध्ये म्हटलंय की पीएमपीचं तिकीट कमी केलं की जास्त लोक बसने जातील, म्हणून पुण्याचं ट्रॅफिक कमी होईल. लेखकाने न बोलता काय गृहीत धरलंय? ऑप्शन ए, सगळे दुचाकीवाले बसकडे वळतील. ऑप्शन बी, नव्याने बसने जाणाऱ्यांपैकी काही जण तरी आधी स्वतःची गाडी काढायचे. ए वाचायला एकदम दमदार वाटतो आणि निम्मी पोरं तिथेच गोल काळा करून मोकळी होतात!

उलटा करून बघा ना. बी उलटा केला तर होतं, यातलं कुणीच आधी गाडी काढत नव्हतं, म्हणजे ही चालत जाणारी माणसं होती, मग रस्त्यावरची एक तरी गाडी कमी झाली का? नाही. आर्ग्युमेंट तिथेच झोपलं, म्हणजे बी लागतोच. आता ए, आणि इथे नीट लक्ष द्या, "सगळे वळतील"चं उलट "कुणीच वळणार नाही" असं नसतं, "सगळे वळणार नाहीत" एवढंच असतं. ठीक आहे, सगळे नाही वळले, निम्मे वळले, तरी ट्रॅफिक कमी होऊ शकतंच की. म्हणून ए गेला. "सगळे", "फक्त", "कधीच" असले शब्द दिसले की आधी संशय घ्यायचा, पण डोळे मिटून उडवायचं नाही, पॅसेजच तेवढ्या ठामपणे बोलत असेल तर तोही बरोबर असू शकतो.

आणि हो, पुण्यात बस वेळेवर येतच नाही वगैरे आपली माहिती बाहेर ठेवायची, खरी असली तरी.

एवढं करूनही दोघांतच अडकलात तर एक मारून पुढे सरका, चुकलं तर पाव मार्क जातो, बरोबर आलं तर पूर्ण मिळतो, हिशोब तुमच्याच बाजूचा आहे. फक्त ओएमआरवर, म्हणजे गोलांच्या उत्तरपत्रिकेवर पेनाने गोल भरायचा असतो, तो नंतर बदलता येत नाही, तेव्हा आधी ठरवा नि मग भरा.