जत तालुक्यात महापूर

अध्यक्षमहाराज, समोर बसलेले विद्यार्थी, मागे भिंतीला टेकून उभे असलेले पालक आणि पहिल्या रांगेतले माझे निवृत्त सहकारी, जे मला झोप लागेपर्यंत ऐकतात आणि नंतर चांगलं झालं म्हणतात,

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘बी.ए. ग्रामीण विकास : शिकायचं काय आणि पुढं करायचं काय?’ यातलं ‘पुढं करायचं काय’ संयोजकांनी जोडलंय. मी फोनवर म्हटलं, अहो, पहिल्या अर्ध्यावरच माझा तास जाईल. ते म्हणाले, सर, दुसऱ्या अर्ध्यासाठीच पालक येणार आहेत. तर त्याकडे मी येणार आहे. घड्याळ समोर ठेवलंय.

हा विषय मी 28 वर्षं शिकवला. प्रवेशाच्या दिवसांत आमच्या टेबलापुढे रांग लागायची ती संध्याकाळी चारनंतर. इतिहास भरला, भूगोल भरला, इंग्रजीची भीती वाटते, मग राहिलं काय, तर ग्रामीण विकास. एकदा एक आई मुलाला घेऊन आली. विषयाचं नाव दोनदा विचारून घेतलं आणि म्हणाली, “सर, पोरगं गावातनं बाहेर पडावं म्हणून कॉलेजात घातलं, आन् तुम्ही त्याला परत गावच शिकवणार?” 28 वर्षं मी त्या बाईंना मनातल्या मनात उत्तर देतोय. अजून नीट जमलेलं नाही.

हा विषय काल-परवा उगवलाय असं मात्र कुणी समजू नये. विद्यापीठ शिक्षणासाठी नेमलेल्या राधाकृष्णन आयोगानं 1948-49 मध्येच ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली होती. 1956 च्या सुमाराला देशात ग्रामीण उच्च शिक्षणाच्या संस्था निघाल्या. आपल्या शेजारी, कोल्हापूर जिल्ह्यात गारगोटीला शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईकांच्या मौनी विद्यापीठात अशी एक संस्था होती. तीन वर्षांची ग्रामीण सेवेची पदविका, पदवीच्या बरोबरीची. त्यामागचा विचार साधा होता. खेड्यातल्या मुलानं शिकावं, आणि शिकताना खेडं हीच त्याची प्रयोगशाळा असावी. आता प्रयोगशाळेचं काय झालं ते सांगतो. ही गोष्ट माझ्या काही सहकाऱ्यांनी सतरा वेळा ऐकली आहे. त्यांनी चहा घेऊन यावं.

तिसऱ्या वर्षाला 20 गुणांचा प्रकल्प असायचा, ‘माझे गाव : एक अभ्यास’. तोंडी परीक्षेला मी बसलो होतो. आमच्या सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातला एक मुलगा आला. गाव जत तालुक्यातलं. घटनेची अकरावी अनुसूची, म्हणजे पंचायतींकडे सोपवायच्या विषयांची यादी विचारली, तर 29 विषय एका श्वासात म्हणून दाखवले. शेती, भूसुधारणा, लघुपाटबंधारे, पशुसंवर्धन, थेट सामूहिक मालमत्तेच्या देखभालीपर्यंत. शनिवारच्या शाळेतला पाढा ऐकल्यासारखं वाटलं. पंचायत राजची 73 वी घटनादुरुस्ती कधी लागू झाली? 24 एप्रिल 1993. शाबास. मग मी त्याचा प्रकल्प उघडला. पान 6. ‘गावाच्या पूर्वेस कृष्णा नदी वाहते.’

मी चष्मा पुसला. पान 9. ‘2005 च्या महापुरात गावाचे अतोनात नुकसान झाले.’

आता इथे कुणी पुण्या-मुंबईचं असेल तर हसू कशाचं ते कळणार नाही. जतला लोक आभाळाकडे बघून पेरतात आणि टँकरकडे बघून लग्नाची तारीख धरतात. कृष्णेतून उचलायचं म्हैसाळ योजनेचं पाणी कधी येणार, यावर आमच्याकडे किती निवडणुका झाल्या, मोजायला नकोत. आणि या पठ्ठ्यानं योजनेच्या आधी कृष्णा आणून सोडली!

मी विचारलं, “काय रे, तुमच्या गावात महापूर आला होता?”

“हो सर.”

“कुठवर?”

“मारुतीच्या देवळाच्या तिसऱ्या पायरीपर्यंत.”

“बरं. उन्हाळ्यात टँकर किती येतात?”

“तीन, सर.”

चेहऱ्यावर सुरकुती नाही. त्याला दोन्ही उत्तरं खरी वाटत होती. एक पेपरातलं, एक गावातलं. दोन्हींची गाठ कधी पडलीच नव्हती.

मी बाकीचे प्रकल्प मागवले. 34 होते. 31 गावांच्या पूर्वेला कृष्णा वाहत होती. आटपाडीच्या बाजूच्या एका मुलीनं तेवढी दक्षता घेऊन नदीला माणगंगा केलं होतं. तिला मी दोन गुण जास्त दिले.

संध्याकाळी मी स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. त्यानं स्टूल पुढे केलं, चहा सांगितला आणि विचारलं, “सर, नदी काढू का?” म्हणजे बातमी माझ्या आधी पोचली होती. संगणकात त्याच्याकडे एक फाईल होती. गावाचं नाव, लोकसंख्या आणि सरपंचाचं नाव एवढ्या तीन जागा मोकळ्या. स्पायरल बायंडिंगसह 120 रुपये. मी चिडलो, तर तो शांतपणे म्हणाला, “सर, तुमच्या कॉलेजातल्या सगळ्या गावांची नावं मला पाठ आहेत. तुम्हाला आहेत का?” मला नव्हती.

मी म्हटलं, ही मूळ फाईल कुणाची? त्यानं शोधून काढली. पलूसच्या बाजूची, खरोखर नदीकाठची एक मुलगी. मामाकडे राहून आमच्याकडे शिकलेली. तिनं 2005 च्या पुरानंतर स्वतःच्या गावात घरोघरी जाऊन माहिती गोळा केली होती. तिसरी पायरी तिची. ती पायरी तिनं बघितलेली.

मूळ प्रकल्प 58 पानांचा. झेरॉक्सवाल्याच्या फाईलमध्ये 40. मी विचारलं, उरलेली 18 पानं? म्हणाला, “सर, 40 चाच नियम आहे ना तुमचा? शेवटचं प्रकरण लांब होत होतं. काढलं.”

ते शेवटचं प्रकरण मी त्या रात्री वाचलं. पुरानंतर मदतीच्या याद्या झाल्या. तिच्या गावातल्या 11 घरांना काही मिळालं नाही. का मिळालं नाही, हे शोधायला ती मुलगी ग्रामपंचायतीत चार वेळा गेली. ग्रामपंचायतीचा नमुना 8 असतो, घरांच्या कर आकारणीची नोंदवही. त्या 11 घरांची नोंदच नमुना 8 ला नव्हती. गावठाणाबाहेर, ओढ्याकडेला, पत्रे ठोकून राहिलेली माणसं. पाणी त्यांच्या घरात सगळ्यांत आधी शिरलं होतं, आणि कागदावर त्यांना घरच नव्हतं. तिनं प्रत्येक कुटुंब किती वर्षं तिथं राहतंय ते लिहिलं होतं, आणि खाली एक ओळ होती : ‘ही बाब ग्रामसभेत मांडणे आवश्यक आहे.’

बघा, नदी 31 गावांत पोचली, महापूर पोचला, मारुतीची पायरी पोचली. त्या सगळ्या अभ्यासातली कामाची एकच गोष्ट होती आणि तीच गळाली.

त्या मुलीचा मार्गदर्शक कोण होता? मुखपृष्ठावर माझी सही आहे. 20 पैकी 17 दिले होते. शेवटचं प्रकरण मी तेव्हा वाचलं नव्हतं.

(इथे सभागृहात थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग चहा आला.)

चहा घेताय तोवर एक आडरस्ता. समोर नोकरदार मंडळी दिसतायत. तुमच्या पगारपत्रकावर ‘पी.टी.’ म्हणून महिन्याला 200 रुपये कापतात, फेब्रुवारीत 300. आमच्या स्टाफरूममध्ये एक जण निवृत्तीपर्यंत तो शारीरिक शिक्षणाचा निधी समजत होता. तो व्यवसाय कर. 1975 चा कायदा. कशासाठी आणला? रोजगार हमीला पैसा हवा म्हणून. शहरातल्या पगारदारानं दुष्काळातल्या मजुराच्या कामाचा वाटा उचलायचा! आणि रोजगार हमीचा पहिला प्रयोग कुठे झाला? आपल्याच जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात, विसापूरला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागेंनी केला. 1972 चा दुष्काळ आला, योजना राज्यभर गेली, 1977 ला कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून अंमल सुरू झाला. देशाचा रोजगार हमी कायदा यायला 2005 उजाडलं. ही सगळी साखळी आमची पोरं परीक्षेत ‘टीपा लिहा’मध्ये लिहितात. विसापूर इथून एसटीनं किती लांब, हे विचारलं की गप्प. आणि सहल काढायची म्हटलं की हिवरे बाजार. हिवरे बाजार थोर आहे, ते गाव सुधारणाऱ्या पोपटराव पवारांबद्दल मला आदर आहे. पण बसभर पोरं नेऊन, बंधाऱ्यावर फोटो काढून, पोटभर जेवून आणायची आणि त्याला क्षेत्रभेट म्हणायचं? दुसऱ्याचं सुधारलेलं गाव बघणं सोपं असतं. आपलं बिघडलेलं गाव बघायला जास्त...

चिठ्ठी आलीय. ‘दहा मिनिटे.’ खाली दोन रेघा मारल्यात.

बरं. तर शिकायचं काय. माझी सूचना एकच आहे, ती भराभर सांगतो. तीन वर्षं, एकच गाव, आणि ते स्वतःचं. पहिल्या वर्षी गावचं दप्तर, म्हणजे नोंदवह्या. तलाठ्याकडचा 8अ आणि ग्रामपंचायतीचा नमुना 8 यांतला फरक तोंडी परीक्षेला दहातले आठ जण चुकतात. पहिला जमिनीचा, दुसरा घरांचा. एवढं जरी हातानं चाळलं तरी अर्धं गाव कळतं. दुसऱ्या वर्षी शिवारफेरी, आणि जमिनीवर रांगोळीनं गावाचा नकाशा. तो काढायला म्हाताऱ्या माणसांना बसवायचं, सरपंचाला नाही. तिसऱ्या वर्षी एक प्रश्न घ्यायचा. 40 पानांचा नियम नको, चार चालतील. आणि तो अभ्यास ग्रामसभेत वाचायचा. परीक्षक ग्रामसभा. आम्ही प्राध्यापकांनी मागे सतरंजीवर बसायचं.

लगेच म्हणाल, ग्रामसभा भरते कुठे? 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, कागदावर भरते. गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातलं जे कमी असेल ते लागतं. ते जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. हे वाक्य ऐकून सरपंच मंडळी हसली, मी बघितलं. पण एका पोरीचा अभ्यास वाचला जाणार असेल तर तिची आई, चुलती, शेजारीण येतात की नाही बघा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, हे कायद्यातच आहे. तिथूनच सुरुवात करा. गडचिरोलीत मेंढा-लेखाच्या लोकांनी ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हटलं, त्यामागे वर्षानुवर्षं बसून केलेल्या चर्चा होत्या, अभ्यासगट होते. तिथं कुणाला ‘बी.ए. आहेस का’ असं विचारलं नव्हतं.

गावात राजकारण आहे, पोराला धमकी येईल, हा दुसरा आक्षेप. खरा आहे. म्हणून प्रश्न मुलानं एकट्यानं मांडायचा नाही, कॉलेजनं पत्र द्यायचं, मार्गदर्शकानं सोबत जायचं. मार्गदर्शकाला प्रवासभत्ता कोण देणार, तेही लिहून ठेवलंय, पण पान सापडत नाहीये. असो.

पुढं करायचं काय. पालकहो, खोटं बोलत नाही. या पदवीवर थेट खुर्ची नाही. ग्रामसेवकाच्या भरतीला बारावीवर अर्ज भरता येत आला. आमची तीन वर्षं तिथं कुणी मागितली नाहीत, हे माझं जुनं दुखणं. आता त्या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय. स्पर्धा परीक्षा आहे, बचत गटांच्या अभियानातली कंत्राटी कामं आहेत, पाणलोटाची कामं करणाऱ्या संस्था आहेत, एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण करता येतं. पगार सुरुवातीला बेताचा. पण मुलाखतीला ‘तुमच्या गावात नमुना 8 ला नोंद नसलेली घरं किती?’ याचं उत्तर ज्याला येतं त्याला मी तरी घेईन. मला कुणी मुलाखतीला बसवत नाही ही गोष्ट वेगळी.

ती मुलगी पुढे काय करते, असं तुमच्यातल्या कुणीतरी विचारणारच. त्या 11 घरांपैकी सातांची नोंद नंतर झाली, एवढं मला कळलं. कुणी केली ते तिनं सांगितलं नाही.

हं, हात वर आहे. बोल बाळ. काय? ‘आमच्या गावात ग्रामसेवक गुरुवारीच येतात आणि गुरुवारी आमचं इंग्रजी असतं.’

मग एक गुरुवार इंग्रजी बुडव. हजेरी कापली तर माझं नाव सांग. मी निवृत्त आहे, माझं कुणी काही कापू शकत नाही.