किनाऱ्यावरचा दगड, मलावीचा मासा

नमस्कार मंडळी. टेबलावर मांडलेले दगड हातात घेऊन बघा, मागच्या रांगेपर्यंत फिरू द्या. सगळे कोकण किनाऱ्यावरचे आहेत. यातला कुठला दगड सिक्लिड कुळातल्या माशांच्या गोड्या पाण्याच्या टँकमध्ये चालेल आणि कुठला नाही, एवढाच आजचा विषय.

हा विषय निघाला की पहिली शंका ठरलेली असते: दगड समुद्रातला, मग मिठाचं काय? तो हिशेब आधी उरकून टाकू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. पाच किलोचा बेसॉल्टचा गोटा घेतला तर त्याचं आकारमान पावणेदोन लिटरच्या आतबाहेर. त्यात दोन टक्के जागा छिद्रांची आहे आणि ती समुद्राच्या पाण्याने गच्च भरली आहे असं धरा. म्हणजे पाणी 35 मिलिलिटर आणि मीठ जेमतेम सव्वा ग्रॅम. असे दहा गोटे न धुता तसेच 200 लिटरच्या टँकमध्ये टाकले, तरी लिटरमागे 60 मिलिग्रॅमच्या आसपास मीठ येईल. मासा आजारी पडला की आपणच लिटरला एक-दोन ग्रॅम मीठ बिनधास्त घालतो! दोन-चार दिवस पाणी बदलत बादलीत भिजत ठेवलं की राहिलेलंही निघून जातं. तेव्हा मिठाची भीती सोडा. बघायचं असतं ते दगडात चुना किती आहे आणि दगडावर काय मरून चिकटलंय ते.

हा काळा गोटा बेसॉल्टचा. सह्याद्री ज्या लाव्ह्याचा बनला तोच दगड, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पाण्यात तो जवळपास काहीच सोडत नाही. फक्त त्यातले पांढरे डोळे नीट बघा. लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर खनिजं भरली. बऱ्याचदा ती झिओलाइट असतात, पण कधी कधी कॅल्साइट निघतं आणि कॅल्साइट म्हणजे चुनाच. हा दुसरा तांबडा, आपला जांभा. दिसायला देखणा, पण भुसभुशीत. टँकमध्ये तो झिजत राहतो आणि फिल्टर लाल चिखलाने भरतो. मी तो वापरत नाही. आणि हा तिसरा, ज्यात शिंपल्यांचे तुकडे उघड दिसतात. किनाऱ्यावरची वाळू आणि शिंपल्यांचा चुरा चुन्याने सांधला जाऊन तो तयार होतो. हा सरळसरळ चुनखडीच्या जातीचा.

ओळखायचं कसं? दगडावर खिळ्याने ओरखडा काढा आणि निघालेल्या भुकटीवर व्हिनेगर टाका. फेस आला तर चुना आहे. फेस आला नाही म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. व्हिनेगर कमजोर असतं, आणि डोलोमाइटसारखा चुन्याचा दगड त्याला सहसा दाद देत नाही. माझा भरवसा बादलीवर. दगड धुऊन बादलीत बुडवा, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) आणि पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) मोजून लिहून ठेवा, दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा. शेजारी तेच पाणी भरलेली, दगड नसलेली बादली ठेवायला विसरू नका, नाहीतर नुसत्या बाष्पीभवनाने चढलेला टीडीएस दगडाच्या माथी माराल.

आता समजा चुना निघाला. मग दगड फेकायचा का? ते मासा कुठला यावर आहे. टँकमध्ये एंजलफिश किंवा डिस्कस असेल तर हो, फेका. ते अ‍ॅमेझॉनच्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातले, आणि चुना पाणी जड करतो, पीएच चढवतो. पण आपल्यातले बरेचजण पाळतात ते म्बुना, म्हणजे आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या खडकांत राहणारे सिक्लिड. त्या सरोवराचा पीएच 8 च्या आसपास असतो, टांगानिका सरोवराचा तर 9 च्या जवळ. अशा माशांना थोडा चुना हवाच असतो, आणि धरणाच्या हलक्या पाण्यात तो कमी पडतो. शिवाय चुना विरघळतो तो पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडच्या आम्लामुळे. पीएच 8 च्या वर गेला की विरघळणं अगदी मंदावतं. म्हणून मलावीच्या टँकमध्ये असा दगड सहसा हाताबाहेर जात नाही. ज्यांच्याकडे आधीच बोअरचं जड पाणी आहे त्यांनी मात्र नुसता बेसॉल्ट घ्यावा.

मरून चिकटलेल्याकडे वळू. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या दगडावर कालवं, बार्नेकल, शेवाळ, बारीक किडे असतात. गोड्या पाण्यात ते सगळे मरतात, सडतात आणि अमोनिया होतो. नव्या टँकमध्ये मासे दगावतात ते यानेच, आणि दोष जातो मिठाला. खरवडा, घासा, आठवडाभर कडक उन्हात वाळवा. भोकांत मेलेलं काही राहिलं तर वास लपत नाही. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर डांबराचे गोळे वाहून येतात. तसला डाग असलेला दगड घासत बसू नका, तो तिथेच सोडा.

आणि दगड उकळू नका. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन दगड फुटून उडू शकतो. ओव्हन आणि मायक्रोवेव्हचंही तेच. वरून गरम पाणी ओतलं तरी पुरे.

रचना करताना दगड आधी आणि वाळू नंतर. म्बुना वाळू उकरतात. वाळूवर ठेवलेला दगड खालून पोकळ होतो आणि एके दिवशी काचेवर येतो. आपल्या किनाऱ्यावरचे गोटे गोल असल्यामुळे घरंगळतात, तेव्हा वरच्या थरात सांध्यांना सिलिकॉन लावा. प्रत्येक कपारीला दोन तोंडं ठेवा, म्हणजे मार खाणाऱ्या माशाला पळता येतं. केप मॅक्लियरला मलावीच्या काठाचे ग्रॅनाइटचे धोंडेही असेच गुळगुळीत आहेत, त्यामुळे दिसायला आपला गोटा अजिबात उपरा वाटत नाही. पन्नास किलो बेसॉल्ट 17 लिटर पाण्याची जागा खातो. औषधाचा डोस काढताना तेवढं वजा करा.

आता कायद्याचं. सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या नियमांनुसार किनाऱ्यावर वाळू आणि दगडांच्या खाणकामाला बंदी आहे. टेम्पोभर दगड हवे असतील तर क्रशरवाल्याकडे जा, बेसॉल्ट तोच मिळतो. प्रवाळाचा तुकडा तर उचलायचाच नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, मालवणला तर सागरी अभयारण्यच आहे. चार गोटे घ्यायचेच झाले तर भरतीच्या रेषेच्या वरचे, सुटे पडलेले घ्या. त्यांच्यावर जिवंत काही नसतं, म्हणजे किनाऱ्याचं नुकसान कमी आणि तुमचं खरवडणंही वाचतं.

मघाशी कुणीतरी विचारलं की आपल्याकडे सिक्लिड नाहीतच का. आहेत की! भारतात मूळचे तीन. त्यातला एक तुम्ही खाल्लाही असेल: खाडीतलं काळुंदर, केरळात करिमीन म्हणतात आणि 2010 पासून तो तिथला राज्यमासा आहे. तो मचूळ पाण्यातला, मिठाला न घाबरणारा. त्याच्या टँकसाठी हाच काळा गोटा नुसता घासून वाळवला की चालतो, भिजवत बसायची गरज नाही. फक्त टँक मोठा घ्या, तो वीतभर सहज वाढतो.