‘वाया गेले’ की ‘वाया गेलो’: एका गाण्याचं घर

[पडद्यावर काळोख. फक्त गिटार.]

हे सूर तुम्ही ओळखले असतील. गिटार शिकायला बसलेल्या कितीतरी मुलांनी पहिल्या दोन-तीन महिन्यांत हेच वाजवलेलं असतं. ए मायनर, सी, डी, एफ. कॉर्ड एकदम झंकारायची नाही, तारा एकेक सुट्या करून वाजवायच्या. चाल सहा मात्रांची, आपल्या दादऱ्यात सहज मावेल अशी.

गाण्याचं नाव ‘द हाउस ऑफ द राइझिंग सन’. न्यू ऑर्लिन्समध्ये एक घर आहे, त्याला ‘उगवता सूर्य’ म्हणतात, आणि त्या घरापायी किती तरी जीव वाया गेले. गाणारा सांगतो, त्यांतलाच एक मी.

की गाणारी सांगते, त्यांतलीच एक मी?

इंग्रजीत हा प्रश्न ‘मी’ या शब्दापाशी उभाच राहत नाही. मराठीत मात्र पहिल्याच कडव्याला अडखळायला होतं. ‘वाया गेले’ म्हणायचं की ‘वाया गेलो’? क्रियापद पुढे सरकू देत नाही. या गाण्याचा सगळा इतिहास त्या एका अक्षरात अडकला आहे, असं मला वाटतं.

[दृश्य: केंटकीतले डोंगर, कोळशाच्या खाणी, अरुंद रस्ता.]

सप्टेंबर १९३७. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात मिडल्सबरो नावाचं खाणकामगारांचं गाव. बावीस वर्षांचा अ‍ॅलन लोमॅक्स गाडीत ध्वनिमुद्रणाचं यंत्र घालून तिथे पोचला. अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयासाठी तो लोकगीतं गोळा करत होता. तबकडी फिरायला लागली की सुई त्यात खाच पाडत जायची. जे गायलं जाईल ते त्याच क्षणी कोरलं जायचं.

त्या यंत्रासमोर एक सोळा वर्षांची मुलगी उभी राहिली. खाणकामगाराची लेक, जॉर्जिया टर्नर. सोबत वाद्य नाही, काही नाही. ती गायली.

तिच्या गाण्यात आई शिवणकाम करणारी आहे. प्रियकर दारुडा आहे, न्यू ऑर्लिन्समध्ये पीत बसलेला. मग निरोप येतो: माझ्या धाकट्या बहिणीला जाऊन सांगा, मी केलं ते तू करू नकोस, त्या घराच्या वाटेला जाऊ नकोस. आणि शेवटी ती स्टेशनावर उभी आहे. एक पाय फलाटावर, एक पाय गाडीत. बहिणीला ‘जाऊ नकोस’ सांगणारी स्वतः मात्र तिथेच परत निघाली आहे.

ते घर कसलं होतं? कोणी वेश्यागृह म्हणतं, कोणी तुरुंग. न्यू ऑर्लिन्समध्ये आजही वेगवेगळ्या पत्त्यांवर बोट ठेवलं जातं. पक्का पुरावा एकाही पत्त्याचा नाही. मला त्या पत्त्यात फारसा रस नाही. फलाटावरचा तो पाय मला पुरेसा आहे.

एक गोष्ट इथेच स्वच्छ सांगायला हवी. जॉर्जियाने हे गाणं रचलेलं नाही. तिच्या आधी, १९३३ साली, क्लॅरेन्स अ‍ॅशली आणि ग्वेन फॉस्टर यांनी ते रेकॉर्डवर आणलं होतं, आणि त्यात वाया जातात ती पोरं, पोरी नाहीत. आपण हे आजोबांकडून शिकलो, असं अ‍ॅशली सांगायचा. म्हणजे दोन्ही रूपं डोंगरात आधीपासून नांदत होती. ज्याच्या तोंडी आलं, त्याचं लिंग गाण्याने घेतलं.

पण पुढे जगभर गेली ती वाट निघाली जॉर्जियाच्या तबकडीपासून. १९४१ साली लोमॅक्सच्या संग्रहात गाणं छापून आलं, शब्दांसाठी तिचं नाव देऊन. तिथून न्यूयॉर्क. लोकगायक वुडी गथ्री आणि त्याचे सोबती गायले. जॉश व्हाइटने त्याला मायनरचा, म्हणजे उदास छटेच्या सुरावटीचा, अंधार दिला. लेड बेलीने गायलं. १९६० साली जोन बाएझने आपल्या पहिल्याच अल्बममध्ये घेतलं. थोड्याच काळाने नीना सिमोनने.

[दृश्य: ग्रिनिच व्हिलेज, रात्र, एका कॅफेचं दार.]

इथे जरा थांबू या, कारण पुढची कडी फार सुंदर जोडली गेली आहे.

न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेज या वस्तीत डेव्ह व्हॅन रॉंक नावाचा दणकट आवाजाचा गायक होता. हे गाणं तो हॅली वूड या टेक्सासच्या गायिकेच्या रेकॉर्डवरून शिकला. हॅली वूड शिकली होती जॉर्जिया टर्नरच्या तबकडीवरून. व्हॅन रॉंकने स्वतःची भर घातली: कॉर्ड बदलल्या आणि खालचा सूर अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरवत नेला, जिन्याच्या पायऱ्या उतराव्यात तसा. जॅझमध्ये हे नेहमीचं. लोकगीत गाणाऱ्यांत तेव्हा नवं.

ही मांडणी त्याच्या एका तरुण मित्राने ऐकली. मित्राचं नाव बॉब डिलन. नोव्हेंबर १९६१ मध्ये डिलन पहिल्या अल्बमसाठी स्टुडिओत होता. नंतर तो व्हॅन रॉंककडे आला आणि विचारलं, तुझी मांडणी घेतली तर चालेल का? व्हॅन रॉंक म्हणाला, मी स्वतःच ते लवकर रेकॉर्ड करणार आहे. तेव्हा उलगडलं की डिलनचं ध्वनिमुद्रण आधीच होऊन गेलं आहे.

व्हॅन रॉंकला हे लागलं, आणि लागणारच. पुढे तर लोक त्यालाच विचारू लागले की हे डिलनचं गाणं तू का गातोस. त्याने ते गायचं सोडलं. त्याच्या आयुष्यातला हा भाग मला अजूनही बोचतो.

तरी डिलनचं ध्वनिमुद्रण ऐकाच. वीस वर्षांचा पोरगा ‘वाया गेले’ म्हणतो. त्याने मुलीचे शब्द बदलले नाहीत. धाकटी बहीण आहे, प्रियकर आहे, सगळं आहे. पुरुषाच्या घोगऱ्या आवाजात त्या मुलीचं दुःख येतं आणि ते उसनं वाटत नाही. आपल्याकडे पुरुष कीर्तनकार गौळण गातात, तेव्हा कुणाला काही खटकतं का?

[दृश्य: न्यूकॅसल, टाइन नदीवरचे पूल.]

आता इंग्लंड. न्यूकॅसलचे पाच जण: एरिक बर्डन, अ‍ॅलन प्राइस, हिल्टन व्हॅलेंटाइन, चॅस चँडलर, जॉन स्टील. बँडचं नाव ‘द अ‍ॅनिमल्स’. १९६४ च्या मे महिन्यात ते रॉक अँड रोलचा अमेरिकन तारा चक बेरी याच्याबरोबर दौऱ्यावर होते. चक बेरीसारख्या माणसाच्या कार्यक्रमात त्याच्याच चालीचं रॉक वाजवून कोण लक्षात राहणार? म्हणून त्यांनी एक संथ, काळोखं गाणं निवडलं. हेच.

लोक इतके गुंगून ऐकू लागले की दौऱ्यातूनच वेळ काढून ते लंडनच्या स्टुडिओत गेले. तारीख १८ मे १९६४. मिकी मोस्ट निर्माता. एका दमात, एकाच टेकमध्ये गाणं संपलं.

व्हॅलेंटाइनने कॉर्डमधल्या तारा सुट्या केल्या आणि ती सुरुवात जन्माला आली, जी आपण आत्ता ऐकली. प्राइसचा ऑर्गन मागून भरती यावी तसा चढत जातो. बर्डन पहिल्या कडव्यात जवळजवळ बोलतो, शेवटी किंचाळतो. लांबी साडेचार मिनिटांच्या आसपास. तेव्हा सिंगल म्हणून, म्हणजे सुट्या छोट्या रेकॉर्डवर, निघणारी गाणी बहुधा तीन मिनिटांच्या आत आटोपायची, रेडिओलाही तेच हवं असायचं. जुलैमध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं आणि सप्टेंबरमध्ये अमेरिकेत, तीन आठवडे. लोकगीताला विजेची गिटार भेटली, आणि फोक-रॉक या शब्दाआधी फोक-रॉक कानावर पडलं.

पण शब्द ऐका. ‘वाया गेलो.’

मुलीचा मुलगा झाला. प्रियकर जाऊन जुगारी बाप आला. धाकटी बहीण नाहीशी झाली. आता निरोप आयांना आहे: तुमच्या मुलांना सांगा. शिवणारी आई तेवढी जागेवर राहिली. बर्डनचा आवाज मला थरारून टाकतो, पन्नासदा ऐकलं तरी. आणि दर वेळी ती बहीण नसल्याचं जाणवतं.

रेकॉर्डवर छापलं गेलं: पारंपरिक, मांडणी अ‍ॅलन प्राइस. पाच नावं मावणार नाहीत म्हणून एकच घातलं, असं बाकीचे सांगत आले. मांडणीचे पैसे त्या एका नावाकडे गेले. बाकी चौघांची खंत आयुष्यभर राहिली. आणि डिलन? लोक म्हणू लागले की त्याने हे अ‍ॅनिमल्सकडून उचललं. व्हॅन रॉंक सांगायचा, मग डिलननेही ते गायचं सोडलं.

[दृश्य: रेकॉर्डची वेष्टणं, एकापाठोपाठ.]

पुढची रूपं भराभर बघू या. १९६४ मध्येच फ्रान्सच्या जॉनी हॅलिडेने ते फ्रेंचमध्ये आणलं, तिथे घराचा सरळ तुरुंग झाला. १९७० साली डेट्रॉइटच्या ‘फ्रिजिड पिंक’ने गिटारचा आवाज फाडून वाजवला आणि अमेरिकेत सातव्या क्रमांकापर्यंत पोचले. डॉली पार्टनने ऐंशीच्या दशकाच्या तोंडावर पुन्हा बाईच्या तोंडून म्हटलं. टेनेसीच्या डोंगरातली ती. तिच्या गळ्यात ते माहेरी आल्यासारखं वाटतं. आणि २००१ साली अलाबामाच्या अंध गायकांनी, ‘ब्लाइंड बॉइज’ने, याच चालीवर ‘अमेझिंग ग्रेस’ ही प्रार्थना बसवली. दोन्हींचा छंद जुळतो. पापाच्या घराची चाल आणि शब्द देवाच्या कृपेचे. जरूर ऐका.

[दृश्य: रिकामा फलाट. संगीत थांबतं.]

जॉर्जिया टर्नर पुढे मिशिगनमध्ये राहायला गेली. लग्न झालं, मुलंबाळं झाली. गाणं जगभर वाजत असताना तिच्या हातात पडले ते फार थोडे पैसे. १९६९ साली ती गेली, पन्नाशीही गाठली नाही.

तिची तबकडी ग्रंथालयात आहे. खरखर खूप आहे. गिटार नाही, ऑर्गन नाही. सोळा वर्षांची मुलगी, तिची धाकटी बहीण, आणि गाडीत ठेवलेला एक पाय.

[जॉर्जिया टर्नरचा आवाज, १९३७. शेवटपर्यंत, निवेदनाशिवाय.]