बारा वर्षांपूर्वीचा शेजारी

श्रोतेहो, नमस्कार.

अशी कल्पना करा, की आपल्या सूर्याभोवती माणसांचं एक राष्ट्र आहे आणि टाऊ सेटी या ताऱ्याभोवती दुसरं. मूळ एकच, पण कित्येक पिढ्यांपूर्वी वेगळी झालेली ही माणसं. मधलं अंतर सुमारे १२ प्रकाशवर्षं. तिकडे आज सत्तापालट झाला तर इकडे तो १२ वर्षांनी कळणार. ‘तुमचा हेतू काय?’ असं विचारलं, तर उत्तर हाती पडायला २४ वर्षं. तोवर विचारणारं सरकार गेलेलं असेल, आणि उत्तर देणारंही कदाचित टिकलेलं नसेल.

तारकाराष्ट्रांच्या गोष्टी रचताना आपण भीतीचं कारण म्हणून प्रचंड आरमारं उभी करतो. मला मात्र वाटतं, तिथली खरी भीती शिळ्या बातमीतून उपजेल.

पृथ्वीनं हे भोगलेलं आहे. २४ डिसेंबर १८१४ रोजी ब्रिटन आणि अमेरिका यांच्या तहावर युरोपात, घेंट शहरी, सह्या झाल्या. ती बातमी अटलांटिक ओलांडून पोचण्याआधीच, ८ जानेवारी १८१५ला, न्यू ऑर्लिन्सजवळ दोन्ही सैन्यं भिडली आणि शेकडो माणसं मेली. पुढे १९६२च्या क्यूबा पेचप्रसंगात, म्हणजे क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर आले तेव्हा, एकमेकांचे निरोप पोचायला काही तास लागत होते. त्या काही तासांनी दोन्ही राजधान्यांना एवढी धडकी भरवली, की पुढच्याच वर्षी वॉशिंग्टन आणि मॉस्को टेलिप्रिंटरनं थेट जोडले गेले. तारकाराष्ट्रांना ही सोय कधीच मिळणार नाही. प्रकाशापेक्षा वेगानं निरोप जात नाही.

आता हेतूचा प्रश्न. जॉन हर्झ या अभ्यासकानं १९५० साली एक पेच मांडला: एकानं स्वतःच्या रक्षणासाठी बळ वाढवलं, की दुसऱ्याला तो धोका वाटतो, मग तोही बळ वाढवतो, आणि वाईट हेतू कुणाचाच नसताना दोघेही असुरक्षित होतात. अंतराळात हा पेच फार तीव्र होतो, कारण तिथं शस्त्र आणि वाहन वेगळं काढताच येत नाही. प्रकाशाच्या एक दशांश वेगानं जाणाऱ्या अवघ्या एक किलो वस्तूत हिरोशिमावरच्या बॉम्बच्या सुमारे सातपट ऊर्जा असते. हजारो टनांचं प्रवासी यान त्या वेगानं येत असेल, तर त्यात तोफा आहेत की बी-बियाणं, हा प्रश्नच गौण ठरतो. शिवाय वेग कमी करायचा म्हणजे यान उलटं फिरवायचं. इंजिनाचा धगधगता झोत तेव्हा नेमका यजमानाच्या दिशेनं रोखलेला असतो. भेटीला येणारा आणि चाल करून येणारा, दोघेही दुर्बिणीतून काही काळ तरी सारखेच दिसतील.

कौटिल्यानं लगतच्या राजाला शत्रू मानलं, कारण सीमा एकमेकांना भिडतात. ताऱ्यांमध्ये सीमा भिडतच नाहीत. तिथं जवळचा शेजारी निदान लवकर पारखता येतो. दूरच्याबद्दल अंदाजच बांधावे लागतात. आणि अंदाज बांधणारे लोक घरी कसे राज्य करतात, यावर सगळं येऊन ठेपतं. डळमळीत सरकारला दूरचा शत्रू फार उपयोगी पडतो. त्याच्या नावानं कर वाढवता येतात, विरोधकांना गप्प करता येतं, आणि त्या शत्रूकडून खुलासा यायला अर्धी हयात जाते. मला या कल्पनेत सर्वात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. २४ वर्षांत एक अख्खी पिढी त्या भीतीवर वाढलेली असते. मग उलट खुलासा आला तरी तो ऐकायला कोण तयार असेल?

म्हणून अशा जगात स्थैर्य म्हणजे तीच माणसं खुर्चीवर चिकटून राहणं नव्हे. हुकूमशहा चाळीस वर्षं टिकेल, पण त्याच्यानंतर काय, हे १२ प्रकाशवर्षांवरून कुणालाच सांगता येणार नाही. सरकारं बदलत राहिली तरी आधीच्यांनी दिलेला शब्द पुढचे पाळतात, असं राष्ट्रच दुरून ओळखीचं वाटेल.

याची कसोटी कशी लागेल, तेही सांगतो. एक दशांश वेगाचं यान १२ प्रकाशवर्षं कापायला १२० वर्षं घेईल. निघतानाच पाठवलेला निरोप मात्र १२ वर्षांत पोचेल: यानात कोण आहे, कशासाठी येतं आहे, कोणत्या वर्षी, कोणत्या रात्री त्याचा झोत पेटेल आणि तो किती तेजस्वी दिसेल. तो निरोप शंभराहून अधिक वर्षं जपावा लागेल, कुणाच्या निवडणुकीसाठी त्यात फेरफार न करता. इकडेही एवढ्या पिढ्यांत कुणी वाट बदलण्याचा हुकूम यानाला धाडता कामा नये. आणि मग ठरल्या रात्री टाऊ सेटीच्या वेधशाळेत कुणीतरी ते जुनं टिपण समोर ठेवून, सूर्याच्या दिशेला दुर्बीण लावून बसलेलं असेल.

नमस्कार.