मिठाचा भाव आणि इंग्रजीचं पान

श्रोतेहो, नमस्कार.

कॉलेजच्या प्रवेशांची धावपळ एकदाची संपली, की आपल्या बडोद्यात दांडिया बाजार, बाबाजीपुरा, रावपुरा इथल्या कितीतरी मराठी घरांत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक येऊन पडतं. कुठे अर्थशास्त्राचं, कुठे अकाउंट्सचं, कुठे मानसशास्त्राचं. बारावीपर्यंत सगळं शिक्षण गुजराती नाहीतर मराठी माध्यमातून झालेलं असतं. आता महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकायचं म्हणजे इंग्रजीतून. 1949 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाची गुजरातेत ओळखच ती आहे. आई पुस्तकाला हळदकुंकू लावते, वडील किंमत बघून गप्प बसतात, आणि ज्याला ते वाचायचंय तो पहिलं पान उघडून परत मिटतो.

इंग्रजी ही दुसरी भाषा असं आपण सरसकट म्हणतो. बडोद्याच्या मराठी मुलांची ती चौथी आहे. घरात मराठी, गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी. खंडेराव मार्केटात भाजीवाल्याशी गुजरातीत घासाघीस करायची आणि तिथूनच फोनवर आईला मराठीत हिशोब द्यायचा, यात त्यांना काही विशेष वाटत नाही. भाषांना घाबरणारी ही मुलं नव्हेत. मग इंग्रजीपाशीच गाडं का अडतं?

पहिल्या वर्षाच्या मुलांना इंग्रजी शिकवता शिकवता माझं मत पक्कं झालंय. ही मुलं इंग्रजी बरंच शिकलेली असतात, पण इंग्रजी वाचलेलं मात्र जवळजवळ काहीच नसतं. शाळेत इंग्रजीचं जे जे पान समोर आलं, त्याच्याखाली प्रश्न होते. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, एका वाक्यात उत्तर लिहा. पान वाचायचं ते उत्तर सापडेपर्यंतच. उत्तर सापडलं की पानाशी संबंध संपला. पुढे काय होतं या उत्सुकतेपोटी इंग्रजी पान उलटलंय, असं सांगणारा मुलगा वर्गात क्वचित भेटतो.

एक उदाहरण सांगते. मध्यंतरी बी.ए.ची एक मुलगी अर्थशास्त्राचं पुस्तक घेऊन आली. मेहनती मुलगी. पानावर पेन्सिलीने बारीक अक्षरात, प्रत्येक अवघड शब्दाच्या डोक्यावर मराठी अर्थ लिहिलेला. ओळीगणिक दोन-तीन शब्द तरी असे. डिमांड, सप्लाय, मोनॉपली हे शब्द मात्र कोरेच, कारण ते तिला आधीच ठाऊक होते. एका वाक्यावर ती अडली होती. वाक्य साधं होतं: ‘अ राइज इन द प्राइस ऑफ सॉल्ट हार्डली अफेक्ट्स द डिमांड फॉर इट.’ मिठाचा भाव वाढला तरी मागणीवर फारसा परिणाम होत नाही. तिने अर्थ लावला होता तो नेमका उलटा. हार्ड म्हणजे कडक, जोरदार, तेव्हा हार्डली म्हणजे जोरदारपणे. आणि वर मलाच विचारते, “मॅडम, मीठ महाग झालं म्हणून कोणी कमी खातं का? पुस्तकात चुकलंय का?”

बघा, हुशारीला काही धक्का नाही. स्वयंपाकघरातलं अर्थशास्त्र तिला पुस्तकाइतकंच कळत होतं. अडवलं ते एका किरकोळ दिसणाऱ्या शब्दाने. असंच चालतं. मुलं जाड शब्दांना घाबरतात, पण पाडतात ते बारीक शब्द: अनलेस, यट, अदरवाइज, प्रोव्हायडेड दॅट. पारिभाषिक शब्दाचा अर्थ पुस्तकाच्या मागे दिलेला असतो. या बारक्यांचा अर्थ कोणी देत नाही, कारण ते येतात असं सगळ्यांनी गृहीत धरलंय.

दुसरी अडचण आपल्या भाषेच्या वळणाची. मराठीत काय, गुजरातीत काय, क्रियापद शेवटी येतं. वाक्य संपलं की कळतं काय झालं ते. इंग्रजीत क्रियापद कर्त्याला चिकटून येतं आणि मग त्याच्यामागे मालगाडीच्या डब्यांसारखी उपवाक्यं लागत जातात. आपली मुलं सवयीने शेवटपर्यंत थांबतात, शेवटी क्रियापद नसतंच, मग पुन्हा पहिल्यापासून. एकेक वाक्य असं तीन-तीनदा. रात्रीचे अकरा वाजतात आणि वाचून होतात दोन पानं. त्यात आळस कुठेच नाही, पण घरच्यांना तो तसा दिसतो.

वाचताना किती शब्द अडले तर चालतं, यावरही संशोधन झालंय. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी या विषयात बरंच काम केलंय. साधारण हिशोब असा, की आधार न घेता मजकूर आरामात समजायचा तर त्यातले 98 टक्के शब्द ओळखीचे हवेत. म्हणजे 300 शब्दांच्या पानावर अनोळखी शब्द फार तर सहा. इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र या बेताने वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुळं यावी लागतात, असं त्यांनी 2006 साली मांडलं. शब्दकुळ म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक. आता त्या मुलीचं पेन्सिलीने भरलेलं पान आठवा. ओळीला दोन-तीन म्हणजे पानाला साठ-सत्तर. याला वाचन म्हणायचं की उत्खनन? वाचायला शिकण्यासाठी पाठ्यपुस्तकाइतकी गैरसोयीची जागा दुसरी नाही, आणि आपल्या मुलांना नेमकी तीच मिळते.

यावर उपाय आहे आणि तो जुना आहे. शंभर वर्षांपूर्वी ढाक्याला मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणाधिकारी होते. बंगाली मुलांना इंग्रजी बोलण्यापेक्षा वाचण्याची गरज जास्त आहे असं त्यांचं म्हणणं. त्यांनी मोजक्या शब्दांत लिहिलेली, पायरीपायरीने चढत जाणारी वाचनमाला तयार केली. फिजीमध्ये वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी 1980च्या सुमारास खेडेगावच्या शाळांत एक प्रयोग केला. मंगुभाई हे नाव बडोदेकरांच्या कानाला परकं वाटणार नाही! वर्गावर्गात अडीचशेच्या आसपास इंग्रजी गोष्टींची पुस्तकं ठेवली आणि मुलांना वाचू दिलं. नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्या मुलांच्या मानाने त्यांचं वाचन आणि ऐकून समजणं दुप्पट वेगाने सुधारलं. ती मुलं लहान होती, हे खरं. पण अठरा वर्षांच्या मुलाने गोष्ट वाचली तर ती त्याला लागू पडणार नाही, असं मानायला मला तरी काही कारण दिसत नाही.

आपल्याकडे मात्र नोट्सची परंपरा. गुजरातेत तिला मटिरियल म्हणतात. मटिरियल मिळालं का, हा परीक्षेच्या आधीचा राष्ट्रीय प्रश्न! झेरॉक्सच्या दुकानात रांग लागते. पण ही आजची गोष्ट नाही. अरविंद घोष 1893 मध्ये इंग्लंडहून बडोद्याला आले. पुढे ते बडोदा कॉलेजात इंग्रजी शिकवत असत. त्यांनीच नंतर सांगितलेली आठवण आहे. एकदा ते वर्गात एका इंग्रजी चरित्रावर शिकवत होते, तेव्हा विद्यार्थी म्हणाले की तुम्ही सांगताय ते नोट्सशी जुळत नाही. त्यांनी उत्तर दिलं की नोट्स मी वाचलेल्याच नाहीत, आणि तसंही त्या टाकाऊच असतात. गंमत म्हणजे हेच अरविंदबाबू लहानपणापासून इंग्लंडात वाढले होते आणि आपली मातृभाषा, बंगाली, नीट शिकले ते इथे, बडोद्यात. मोठ्या वयात नवी भाषा वाचायला बसणं काय असतं, ते त्यांनाही चुकलं नव्हतं.

आणि सयाजीराव महाराज? नाशिककडच्या कवळाण्याहून बाराव्या वर्षी ते इथे दत्तक आले, 1875 साली. अक्षरओळखीची सुरुवातच तिथून. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी, सगळं एकदम. एलियट नावाचे शिक्षक त्यांना नेमले होते. पुढे याच महाराजांनी 1910 साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून राज्यभर वाचनालयं उभी केली. खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या जायच्या. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत मजल्यांची जमीन काचेची आहे, खालच्या कपाटांपर्यंत उजेड उतरावा म्हणून. उशिरा शिकलेल्या माणसाला पुस्तकांची किंमत वेगळी कळत असावी, असं मला आपलं वाटतं.

घरच्यांची ओढही समजते. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदाबादेत एका मराठी गृहस्थांच्या मुलाला इंटरला इंग्रजी माध्यमात शिकायचं होतं. तिथल्या विद्यापीठाच्या नियमात ते बसेना. वडील कोर्टात गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि 1962 साली निकाल लागला, की विद्यापीठाला केवळ गुजराती हेच माध्यम सगळ्यांवर लादता येणार नाही. इंग्रजीसाठी मराठी माणूस दिल्लीपर्यंत भांडला. बडोद्यात माध्यम न भांडता मिळतं. पण माध्यम मिळालं म्हणजे पान वाचता येतं असं नाही ना.

तर मुलांनो, सुरुवात कुठून करायची? जे आधीच माहीत आहे तिथून. रात्री क्रिकेटचा सामना बघितला असेल तर सकाळी त्याचीच बातमी इंग्रजी पेपरात वाचा. कोण कसा बाद झाला हे डोळ्यांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे शब्द आपोआप अर्थ सांगू लागतात. मराठीत वाचलेली गोष्ट इंग्रजीत मिळाली तर ती घ्या. डिक्शनरी लांब ठेवा. शब्द अडला तरी पुढे जा, तोच शब्द पुन्हा पुन्हा आडवा आला तरच बघा. पहिल्या दोन पानांत फार अडखळलात तर पुस्तक परत करा आणि आणखी सोपं घ्या, त्यात कमीपणा नाही. मोबाइलवर अख्खा परिच्छेद एका क्षणात मराठी होतो, हे मलाही ठाऊक आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री तो वापरा, मी काही म्हणणार नाही. एरवी मात्र आधी स्वतः अर्थ लावा आणि मग मोबाइलशी ताडून बघा.

मोठ्याने वाचायची लाज वाटते, हे तर सगळेच सांगतात. कोणीतरी हसलेलं असतं, शाळेत, कधीतरी. मग मनातल्या मनात वाचा. परीक्षेत आणि पुढे नोकरीतही वाचायचं असतं ते बहुधा मनातच. आणि मराठीत अर्थ लावता म्हणून वाईट वाटून घेऊ नका. वर्गात प्राध्यापकसुद्धा अर्धं वाक्य झालं की गुजरातीवर येतात, ते काही उगीच नाही.

आईवडिलांना एकच विनंती. मुलगा अभ्यासाचं पुस्तक बाजूला ठेवून इंग्रजी गोष्ट वाचताना दिसला तर ‘परीक्षेला हे येणार आहे का’ असं विचारू नका.

सोपी इंग्रजी पुस्तकं मिळतात ती वाचनालयाच्या बालविभागात. मोठ्या अक्षरांची, चित्रांची, पातळशी. मिशा फुटलेल्या मुलाला तिथे उभं राहायला संकोच वाटणार, हे उघड आहे. काउंटरवर कोणी विचारलंच, तर धाकट्या भावासाठी नेतोय म्हणून सांगा.

नमस्कार.