पशुवैद्याचे बिल आणि आपला संकोच

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो,

कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय ‘ब्रिटनमधील पाळीव प्राण्यांचा वैद्यकीय खर्च आणि तो कमी करण्याचे मार्ग’ असा छापला आहे. मार्गांकडे मी येणारच आहे. मात्र त्याआधी माझे एक लाडके मत आपणांस ऐकावे लागेल, कारण घरी ते ऐकून घेणारे आता कोणी उरलेले नाही. लंडनमधल्या हॅरोच्या मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस करणारा आपला माणूस पशुवैद्याच्या टेबलापुढे उभा राहिला की भाव विचारायला लाजतो, आणि या लाजेवर येथे एक मोठा व्यवसाय उभा आहे, असे माझे मत आहे.

ही लाज येते कोठून, याचा मी बराच विचार केला आहे. 1948 मध्ये एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा सुरू झाल्यापासून या देशात माणसाच्या उपचाराचे बिल माणसाला दिसत नाही. गुडघा बदलून घ्या किंवा बाळंत व्हा, कोणी कागद पुढे करत नाही. पुण्यातील खासगी रुग्णालयात रुग्णाला स्ट्रेचरवरून उतरवण्याआधी ‘डिपॉझिट किती भरायचे?’ हे विचारणारे आपण, येथे काही वर्षे राहिलो की ती सवय गमावून बसतो. मग एक दिवस कुत्रा आजारी पडतो आणि कित्येक वर्षांत पाहिलेले पहिले वैद्यकीय बिल हाती येते तेव्हा त्यावर नाव कुत्र्याचे असते. ते बिल वाजवी की अवाजवी हे ठरवायला आपल्याजवळ कोणतेही माप नसते.

आमच्या बंड्याचेच उदाहरण घ्या. बंड्या हा लॅब्राडोर आहे, म्हणजे त्याच्या खाण्याविषयी अधिक सांगायला नको. रविवारी संध्याकाळी घरी सत्यनारायण होता. एका पाहुण्याच्या चिरंजीवांनी अत्यंत सात्त्विक भावाने त्याला प्रसादाचा शिरा वाढला, आणि प्रसादाला नाही म्हणू नये एवढे संस्कार आमच्या कुत्र्यावर झालेले आहेत. शिऱ्यात बेदाणे होते. द्राक्षे आणि बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ले म्हणजे होतात याचा भरवशाचा हिशेब मांडता येत नाही. (सभागृहातील ज्या भगिनींनी आता एकमेकींकडे पाहिले, त्यांनी घरी जाऊन लाडवांचे डबे वर ठेवावेत.)

नेहमीच्या दवाखान्याला फोन केला, तो आपोआप दुसऱ्याच गावच्या रात्रीच्या केंद्राकडे वळला. पलीकडच्या बाईंनी प्रथम कुत्र्याचे वजन विचारले, मग ‘विमा आहे का?’ असे विचारले, आणि बेदाणे किती खाल्ले हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकावर आला. या क्रमाविषयी माझी तक्रार आजही कायम आहे. केंद्रावरच्या तरुण डॉक्टर मात्र अप्रतिम होत्या. ॲपोमॉर्फिनचे, म्हणजे उलटी करवणारे, इंजेक्शन दिल्यावर थोड्याच वेळात सगळा प्रसाद बेदाण्यांसह जमिनीवर आला. त्यानंतर पोटात उरलेले विष शोषून घेणाऱ्या कोळशाची मात्रा, शिरेतून सलाईन, आणि मूत्रपिंडाचे आकडे पाहण्यासाठी पुन्हा पुन्हा रक्ततपासणी असे सुरू झाले. मध्येच एक अंदाजपत्रक सहीसाठी पुढे आले. त्यावरील खालचा आणि वरचा आकडा यांत एक बरा सोफा येईल एवढे अंतर होते. सौ.ने माझ्याकडे पाहिले, मी बंड्याकडे पाहिले, आणि सही झाली.

अंतिम बिल चौदाशे पौंडांच्या वर गेले. मी ते फ्रिजवर लावून ठेवले आहे. त्यात सलाईनचा पंप वापरल्याचे वेगळे, सुई टोचल्याचे वेगळे आणि ती सुई फेकण्याचेही वेगळे पैसे आहेत. शिवाय पशुवैद्यकीय सेवेवर येथे 20 टक्के व्हॅट आहे, म्हणजे एकूण बिलाचा सहावा भाग सरकारने आमच्या प्रसादातून घेतला. माझे बालपण परळला बैलघोडा हॉस्पिटलच्या आसपास गेले. तेथे लोक मांजर पिशवीत घालून आणत आणि रांगेत उभ्या उभ्या खर्चाची चौकशी करत, त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. तेथील सोयी आणि येथील सोयी यांची तुलना मी करत नाही, विचारण्याच्या मोकळेपणाची करतो आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ विषयाकडे जरा वेगाने जातो.

खर्च का वाढला, याची चौकशी येथील स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने केली आहे. 1999 नंतर पशुवैद्य नसलेल्यांनाही दवाखान्यांची मालकी घेता येऊ लागली. 2013 मध्ये सुमारे 10 टक्के दवाखाने मोठ्या समूहांकडे होते, आता ते प्रमाण 60 टक्क्यांच्या आसपास आहे. दारावरची जुनी पाटी तशीच राहते, त्यामुळे मालक बदलल्याचे कळतही नाही. रात्रीचे केंद्र, प्रयोगशाळा, ऑनलाइन औषधदुकान आणि शेवटी दहनगृह, हे सारे पुष्कळदा एकाच समूहाचे असते. 1966 चा पशुवैद्यांविषयीचा कायदा डॉक्टरांना बांधतो, पण दवाखान्याच्या व्यवसायाला बांधत नाही. प्राधिकरणाच्या ऑक्टोबर 2025 मधील तात्पुरत्या निर्णयानुसार 2016 ते 2023 या काळात दर 63 टक्क्यांनी वाढले आणि मोठ्या समूहांचे दर स्वतंत्र दवाखान्यांपेक्षा सरासरी 16.6 टक्के अधिक आढळले. एमआरआयसारख्या तपासण्या आल्या आणि पगार वाढले हेही खरे आहे, पण तेवढ्याने सगळी वाढ समजत नाही. दरपत्रक लावणे, 500 पौंडांवरील उपचारांचा लेखी अंदाज देणे, औषधाच्या चिठ्ठीसाठी 16 पौंडांची कमाल मर्यादा घालणे, अशा सूचना त्या निर्णयात होत्या. भाव आधी सांगावा लागेल, हेच त्यांचे सार असल्याने मला त्यात माझ्या मताचा विजय दिसतो. सौ.ला तसा तो दिसत नाही.

आता मार्ग, घाईघाईने. दवाखान्याची मालकी कोणाची हे नोंदणीपूर्वीच विचारा. रात्रीचे रुग्ण कोठे पाठवतात आणि तेथे नुसत्या तपासणीचे किती घेतात, हे कुत्रा धडधाकट असताना विचारून ठेवा. कायमचे औषध असेल तर लेखी चिठ्ठी मागा. ती मागितल्यास द्यावीच लागते, आणि चिठ्ठीचे पैसे धरूनही बाहेरचे औषध पुष्कळदा स्वस्त पडते. विमा घेताना मर्यादा दरवर्षी नव्याने मिळणारी आहे, की बारा महिन्यांनी एखाद्या आजाराचे पैसे मिळणे बंद होते, हे वाचा. आधीपासूनच्या आजाराला सहसा विमा मिळत नाही, म्हणून मधुमेह निघाल्यावर कंपनी बदलण्याच्या भानगडीत पडू नका. कुत्रा म्हातारा झाला की विमा असूनही आपण भरायच्या ठरावीक रकमेखेरीज बिलाचा काही टक्के भागही आपल्यावर येतो, तो बहुधा 20 टक्के असतो. ज्यांचे उत्पन्न कमी आहे आणि ज्यांना सरकारी मदत मिळते, त्यांनी 1917 पासून प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पीडीएसए या धर्मादाय संस्थेकडे पात्रतेची चौकशी करावी, त्यात संकोचण्यासारखे काही नाही.

भारतातून प्राणी आणणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की रेबीजची लस, त्यानंतर किमान 30 दिवसांनी रक्ताची चाचणी, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिन्यांची प्रतीक्षा, असा क्रम आहे. विमानाचे तिकीट त्यानंतरच्या तारखेचे काढा. अध्यक्ष आता उभेच राहिले आहेत, तेव्हा प्रश्न चहाच्या वेळी विचारावेत. फ्रिजवरच्या बिलाची प्रत मी सोबत आणली आहे.