टिनाच्या शेडातली स्पोर्ट्स कार

नमस्कार मंडळी. हरभरा निघाला, तूर घरात आली, मृगाला अजून अवकाश आहे. ज्यांच्या हातांना रिकामपण सोसत नाही, त्यांच्यासाठी आज बोलतो आहे. विषय आहे जुनी स्पोर्ट्स कार घरीच, खिसा सांभाळून, दुरुस्त करून उभी करण्याचा.

१९९८च्या सुमारास गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन माणसांची, टप उघडणारी गाडी तयार होऊ लागली. अंग फायबरचं, इंजिन रेनोचं, ११४९ सीसी, ताकद साठेक हॉर्सपॉवर. आज साठचं कुणाला कौतुक नाही, पण अंग हलकं आणि बैठक जमिनीलगत, त्यामुळे कमी वेगातही मजा येते. आता ती बनत नाही. अशी एक बंद पडलेली गाडी आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या गावात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आली, तेव्हा शेजारचे काका तिच्याभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "बाप्पा! भाऊ, याच्यात कापसाचं एक तरी गाठोडं मावते काय?"

नाही मावत. पण ती दुरुस्त करायला लागणारं कसब मात्र आपल्याकडे गावोगाव आहे, फक्त दुसऱ्या धंद्यांत विखुरलेलं आहे. ट्रॅक्टरच्या मिस्त्रीला क्लच-ब्रेक कळतो. बोअरची मोटार बांधणारा स्टार्टर आणि डायनॅमो उघडू शकतो. जिनिंगचे भाग घडवणाऱ्या लेथवाल्याला एखादं न मिळणारं बुश दाखवा, तो नमुन्यावरून काढून देतो. आणि फायबरचं काम? ते आपल्याकडचे फायबरचे कूलर बनवणारे कूलरवाले करतात. विदर्भात उन्हाळा आहे तोवर या माणसाला मरण नाही.

फायबरबद्दल जरा थांबून बोलतो, कारण खर्च वाचतो तो इथेच. तडा दिसला की लोक वरून पुट्टी थापतात, रंग मारतात, आणि पुढच्या पावसाळ्यात तडा पुन्हा हजर. तडा आधी मोकळा करायचा. दोन्ही टोकांना बारीक छिद्र पाडायचं म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग कडा घासून उतरत्या करायच्या आणि शक्यतो आतल्या बाजूने काचेच्या धाग्यांच्या मॅटचे थर रेझिनमध्ये, म्हणजे हार्डनर घातलं की कडक होणाऱ्या चिकट द्रवात, भिजवून बसवायचे. शंभर ग्रॅम रेझिनला साधारण दीड-दोन ग्रॅम हार्डनर लागतं. पण हे प्रमाण मे महिन्यातल्या आपल्या पंचेचाळीस अंशांना चालत नाही. आमचा कूलरवाला सांगतो, "सकाळी उजाडल्याबरोबर करा, नाई तं रेझिन डब्यातच बसते." आणि बसतंच. डबा हातात धरवत नाही इतका तापतो, धूर निघतो. म्हणून उन्हाळ्यात हार्डनर एक ग्रॅमच्या आसपास आणायचं आणि थोडं थोडंच कालवायचं. दुसरी गोष्ट जिवाशी गाठ आहे. कोबाल्ट, म्हणजे रेझिन लवकर बसावं म्हणून घालायचं द्रावण, आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, हार्डनर त्यानंतर. घासताना तोंडाला मास्क आणि अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. काचेची धूळ गळ्यात गेली की रात्रभर झोप नाही.

फायबर गंजत नाही, आणि घेणारा इथेच फसतो. वरून गाडी चकाचक, खालची लोखंडी चौकट मात्र पापुद्र्यांनी पोखरलेली. घेण्याआधी खाली झोपा, टोच्या घ्या आणि जोडांवर ठोका. घुमणारा आवाज आला किंवा टोच्या आत गेला, तर भाव पाडा किंवा परत फिरा. वेल्डिंग करायचं झालं तर बॅटरी सोडवा, पेट्रोलची टाकी गाडीतून काढून शेडाबाहेर न्या, आणि ठिणग्या पडतील तिथून फायबर दूर करा, कारण ते जळतं. शेडात काळी माती असेल तर जॅकखाली जाड फळी किंवा फाडीचा दगड हवा. मेमध्ये सिमेंटसारखी वाटणारी माती जुलैत जॅक गिळते, आणि खाली माणूस असतो.

पैसे कुठे आधी घालायचे? माझ्या मते ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट फोर या प्रतीचं ब्रेक ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर ही हमी १५५ पर्यंत खाली येते, आणि ऑइल उकळलं की पेडल जमिनीला टेकतं. जुनं सगळं काढून नवं भरा, मास्टर सिलिंडरची रबरं बदला. ब्रेक ऑइल रंगावर सांडू देऊ नका, रंग सोलून निघतो. मग पेट्रोलच्या नळ्या. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुनी रबरी नळी त्यानं फुगते, चिरते आणि गरम इंजिनावर गळते. इथेनॉल झेपणारी नळी नवी घ्या, इथे कंजुषी नको. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी इतका जुना टायर बैलबंडीला लावा, या गाडीला नको.

इंजिन मात्र उगाच उघडू नये. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, तपासा. सगळे सिलिंडर जवळपास सारखे आले, धूर नाही, आवाज नाही, तर बेल्ट, प्लग, ऑइल आणि कूलंट बदलून गप्प बसा. हौसेनं इंजिन उघडणारा माणूस निम्मं बजेट तिथेच घालवतो. रंग सगळ्यात शेवटी.

कागदांचं थोडक्यात. चासिस नंबर आरसीशी जुळत नसेल तर गाडी फुकटातही घेऊ नका. पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी नूतन करावी लागते. दुसरं इंजिन बसवायचा विचार असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आधी लागते, नंतर हातापाया पडून भागत नाही.

आणि पहिली फेरी. समृद्धी महामार्गावर कारला १२०ची मुभा आहे म्हणून थेट तिकडे धाव घेऊ नका. गावाबाहेरचा मोकळा डांबरी रस्ता, पहाटेची वेळ. पांदणीत घालू नका, या गाडीचं पोट तिथे घासतं. चाळीसच्या वेगावर ब्रेक दाबा, गाडी कुठल्या बाजूला ओढते ते पाहा. घरी आल्यावर खाली वाकून चारही चाकांच्या आतल्या बाजूला ब्रेक ऑइलची ओल आहे का तपासा, आणि चाकांचे नट पान्यानं पुन्हा आवळा.